व्हर्लिन स्टकार्टचं शेजघर

व्हर्लिन स्टकार्टनं पहिलं झाड कापलं तेव्हा ते धड पडलंही नाही आणि धड उभंही राहिलं नाही. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय ही बोलवा गावात सुरू झाली ती तेव्हापासून.

कागदाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं पाळ्या करून माणूस निवृत्त झाला. निवृत्त माणसं आमच्याकडे उत्तर विस्कॉन्सिनात काय करतात? गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात, चर्चच्या तळघरात कॉफी ढोसतात, नाहीतर बायकोच्या मागे मागे दुकानात गाडी ढकलत फिरतात. व्हर्लिननं यातलं काही केलं नाही. त्यानं पेट्रोलवर चालणारी नवी करवत आणली आणि बापाच्या चाळीस एकर रानात शिरला. रान म्हणजे मेपल, पॉपल, बासवूड, मधूनमधून ओक. उंच, सरळ, आणि खालून कुणी झाडून काढल्यासारखं स्वच्छ. पाहुण्यांना उभं करून फोटो काढावा असं. पण हरणाला फोटो काढायचा नसतो. त्याला तोंडाच्या उंचीवर चारा लागतो आणि अंग टाकायला आडोसा लागतो, आणि त्या रानात दोन्ही नव्हतं. हरणं यायची, जरा इकडेतिकडे बघायची आणि शेजाऱ्याच्या रानात निघून जायची. शेजारी ती मारायचा आणि वर व्हर्लिनला सॉसेज पाठवायचा. ते सॉसेज व्हर्लिनच्या घशाखाली उतरत नसे.

त्यावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे बिजागरी. झाडाला कमरेच्या उंचीवर करवत घालायची, दोन हिस्से कापायचे, तिसरा सोडायचा, आणि खांदा लावून ढकलायचं. झाड कण्हत कण्हत आडवं होतं, पण सालीचा एक पट्टा बुंध्याला धरून राहतो, दाराला बिजागरी धरते तसा. त्यामुळे ते मरत नाही, पडल्या जागी पालवतं. हरणाला बसल्या बसल्या जेवण आणि डोक्यावर छप्पर. वरचं आभाळ मोकळं झालं की खाली ऊन येतं, रास्पबेरीच्या काट्या माजतात, ओकची रोपं तरारतात. हे सगळं व्हर्लिन एका हिवाळी वर्गात बसून शिकला होता. शाळेत शेवटच्या बाकावर झोपा काढणाऱ्या माणसानं तिथं पहिल्या रांगेत बसून दोन वह्या भरल्या. पहिल्याच महिन्यात एका पॉपलनं उसळी मारून त्याचे पुढचे दोन दात नेले, तरी गडी हटला नाही.

वर्षभरात रानाची अशी काही दशा झाली की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघायला लागले. एके दिवशी पाद्रीबाबा हातात झाकलेलं भांडं घेऊन दारात उभे राहिले. भांड्यात हॅम आणि बटाटे, चेहऱ्यावर दुःख.

"वादळाचं कळलं," ते म्हणाले. "कुणाला लागलं तर नाही ना?"

दार उघडलं होतं आर्लिसनं, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोनं. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. साठ पोरांचा दंगा एका हाकेत बंद करणारी.

"वादळ नाही हो," ती म्हणाली. "नवरा."

आणि भांडं ठेवून घेतलं.

रानाच्या मधोमध आठ एकरांचा तुकडा होता. तिथं व्हर्लिननं सगळ्यांत दाट काम केलं आणि त्याचं नाव ठेवलं शेजघर. हरणांनी तिथं निजावं, उठावं, पोरंबाळं करावीत. माणसानं पाऊल ठेवायचं नाही. इतरांनी नाही, कुत्र्यानं नाही, खुद्द व्हर्लिननंही नाही. काम पुरं झालं त्या दिवशी तो मागे मागे चालत बाहेर आला तो पुन्हा आत गेला नाही. बाहेरच्या कडेला तिपानी गवत पेरलं, मचाण बांधलं, झाडांना कॅमेरे बांधले, आणि आता शिंगवाले नर आपल्या पायांनी चालत येतील म्हणून बसून राहिला.

आणि मग आले वासाचे नियम. हरणाचं नाक म्हणजे नाक. ऑक्टोबर लागला की व्हर्लिन बिनवासाच्या साबणानं अंघोळ करी, खायच्या सोड्यानं दात घाशी, आणि अंगावरचे कपडे देवदाराच्या पाल्यात घालून ठेवी. इथवर ठीक होतं. पण चार वर्षांपूर्वी त्यानं फर्मान काढलं की हंगाम संपेपर्यंत घरात बेकन तळायचं नाही. धूर कपड्यांत बसतो.

आर्लिसचा दिवस बेकननं सुरू होतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. आर्लिस गप्प बसली की शहाण्या माणसानं घाबरावं, पण व्हर्लिनला वाटलं, पटलं बाईला.

आता एवढं करून हरणं आली का? आली. डझनांनी आली. दिवस मावळला, कायद्यानं बंदूक खाली ठेवायची वेळ झाली, की शेजघरातून एकेक डोकं बाहेर निघे, कॅमेऱ्यासमोर ढुंगण करून तिपानी चरे, आणि उजाडायच्या आत पुन्हा आत. व्हर्लिनकडे ढुंगणांचे चार हजार फोटो झाले. शिंगांचा एक नाही.

याची सगळ्यांत जास्त मजा वाटे डुएन प्रिबिलला. डुएन म्हणजे व्हर्लिनची धाकटी बहीण मार्लीन हिचा नवरा. बापानं रान दोन्ही लेकरांच्या नावे ठेवलं होतं, त्यामुळे निम्म्यावर डुएनची जीभ चाले. डुएनला सरळ रेघा आवडतात. त्याचं अंगण बघा, गवताला भांग पाडलेला असतो. त्याच्या मनात होतं की सगळं तोडावं आणि लाल पाइन लावावेत, रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आणि पाइनच्या रांगांखाली ससासुद्धा उपाशी मरतो.

शिकारीच्या खोपीत एका पावसाळी दुपारी चौघं पत्ते खेळत बसलेली असताना डुएननं विषय काढला. बेकन बंद व्हायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

"मेहुणेबुवा, तुम्ही आमच्या सासऱ्याच्या रानाचं भंगार केलंत," तो म्हणाला.

"दाजी, तुम्हाला हरणातलं काय कळतं?" व्हर्लिन म्हणाला. "गाढवापुढे वाचली गीता."

"हरणातलं नसेल कळत. पण मोकळी भिंत दिसते." डुएननं भिंतीकडे बोट केलं. तिथं थोरल्या स्टकार्टनं, म्हणजे व्हर्लिनच्या बापानं, मारलेल्या नराची बारा टोकांची शिंगं होती, आणि त्याशेजारी बरीच मोकळी जागा. "पाच हंगाम देतो तुला. पाचव्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बंदूक खाली ठेवायच्या वेळेपर्यंत, तुझ्या भंगारातून निघालेली, याहून मोठी शिंगं इथं लागली पाहिजेत. नाही लागली, तर जमीन गोठल्या गोठल्या तोडवाले येतील. पहिलं यंत्र तुझ्या शेजघरात."

"आणि लागली तर?"

"तर मी मरेपर्यंत या रानाबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

"घे रे, व्हर्लिन," मार्लीन हातातले पत्ते न हलवता म्हणाली. "तेवढ्यासाठी तरी घे."

व्हर्लिननं हात पुढे केला आणि शब्द देऊन बसला.

त्या भिंतीवर आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला हवी. खोपीचा नियम थोरल्या स्टकार्टच्या काळापासून एकच: नेम हुकला की सदऱ्याचं शेपूट कापायचं. व्हर्लिनच्या आईची शिवणाची कात्री त्यासाठी खिळ्याला टांगलेली असते. मागचा पट्टा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. डुएनची नऊ शेपटं होती. कधी बंदुकीची दुर्बीण वाकडी, कधी वारा, कधी मचाणच हललं. नाचता येईना अंगण वाकडं. व्हर्लिनचं एकही नव्हतं. चौदाव्या वर्षापासून बंदूक हातात धरलेली, एकदाही हुकलेला नाही. कारखान्यात त्याला कुणी मुकादम केलं नाही, चर्चनं कमिटीवर घेतलं नाही, पण खोपीत कुणी नवा माणूस आला की डुएनसुद्धा सांगायचा, "हा व्हर्लिन. याचं शेपूट नाही." व्हर्लिन खाली मान घालून कॉफी ढवळायचा आणि आतून फुलायचा.

चार हंगाम कोरडे गेले. पाचव्या वर्षी नोव्हेंबरातला नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम लागला आणि व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. रोज अंधारात मचाणावर चढायचं, अंधारात उतरायचं. बोटं गोठत, कंबर धरे. तोडवाल्यांनी कोणती झाडं पाडायची म्हणून डुएननं कडेकडेनं निळ्या रंगाचे पट्टे ओढायलाही सुरुवात केली होती. व्हर्लिनला एकेक बिजागरी ठाऊक होती, कोणती कोणत्या साली घातली, कोणत्या झाडानं दात नेले. रान गेलं तर आपण उरलेलं आयुष्य कशात घालवायचं, हे त्याला खरोखरच सुचत नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो कॅमेऱ्यांची कार्डं काढून घरी आला. एका कॅमेऱ्याला अस्वलानं थोबाडीत दिली होती. त्याचं तोंड तिपानीकडून फिरून शेजघराकडे झालं होतं. व्हर्लिननं स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आर्लिस ओट्याशी ॲपल पायसाठी पीठ लाटत होती. चर्चच्या बाजाराला दर वर्षी शंभर पाय तीच करून देते.

चित्र सुरू झालं. आधी पाचोळा. मग झगझगीत गुलाबी काहीतरी. मग आवाज.

"चव्वेचाळीस वर्षं! चव्वेचाळीस वर्षं झाली, पण ओला टॉवेल पलंगावर टाकू नये हे या माणसाच्या टाळक्यात..."

ओट्याशी लाटणं थांबलं.

चित्रात आर्लिस, अंगात गुलाबी जाकीट, हातात पत्र्याची बादली. आणि तिच्या मागे दहा पावलांवर, एखादा म्हातारा नातेवाईक यावा तसा सावकाश चालत, मान डोलवत, एक नर. व्हर्लिननं चित्र थांबवलं आणि शिंगाची टोकं मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चौदाच.

"तू शेजघरात गेलीस?" त्यानं मान वर करून विचारलं.

"रोज जाते."

"रोज?"

"ख्रिसमसला नाही."

"कधीपासून?"

"बेकन बंद केलंस त्या दिवसापासून."

व्हर्लिननं डोकं धरलं. "आणि करतेस काय तिथं?"

"सफरचंदाच्या साली टाकते."

"आर्लिस, ते आमिष झालं! या जिल्ह्यात कायद्यानं बंदी आहे!"

"मारायला टाकतात ते आमिष. मी कचरा टाकते. आणि बोलते."

"कुणाशी?"

"कुणाशी नाही. तो ऐकतो, तो त्याचा प्रश्न."

"आणि पळत कसा नाही तो? माणसाच्या नखाचा वास आला तरी..."

"कशाला पळेल? चार वर्षांत तिथं कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. तूच तर कुणाला जाऊ देत नाहीस." तिनं पुन्हा लाटणं उचललं. "छान केलीयस जागा. आत जाऊन बघ एकदा, काय सुरेख झालंय सगळं."

इतक्या वर्षांत रानाबद्दल कुणी बोललेला हा पहिला बरा शब्द, पण व्हर्लिनचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर चौदा टोकं होती.

"आर्लिस, उद्या तू पुढे चाल. नेहमीसारखी. मी मागे राहतो."

आर्लिसनं लाटणं खाली ठेवलं. "मी बादली वाजवायची, त्यानं भरवशानं यायचं, आणि तू गोळी घालायची? नाही व्हायचं."

"मग हे चित्र दाखवतो डुएनला."

"दाखव. म्हणेल, माझा नातू फोनवर चंद्रावरचं हरीण करून दाखवतो. शब्द शिंगांचा झालाय."

"रान जाईल गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पिठाच्या हातानं तिनं ते पुसले. "मलाही रडू येतंय त्याचं. पण नाही."

शनिवारी व्हर्लिन दिवसभर मचाणावर बसला. एक खार आली.

रविवारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आर्लिस चर्चच्या बाजारात गेली, ती भांडी घासूनच परतणार होती. दुपारी तीनच्या सुमाराला व्हर्लिन दाराआडच्या खिळ्यासमोर उभा राहिला. खिळ्याला गुलाबी जाकीट होतं. शिकाऱ्यांनी नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबी घातलं तरी चालतं हा नियम सरकारनं केला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस व्हर्लिनच होता. आता त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हात बाह्यांत घातले. बाह्या कोपरापाशी संपल्या. पुढची बटणं एकमेकांना भेटायचं नावच घेईनात. त्यानं बादली घेतली, पण रिकामी. आमिष टाकून मारणारा व्हर्लिन स्टकार्ट नव्हे, असं त्यानं स्वतःला बजावलं. खांद्याला बंदूक अडकवली आणि लपत लपत रान गाठलं.

दक्षिणेच्या कडेला डुएन आपल्या मचाणावर होता, जवळ ब्रँडीचा थर्मास. त्याला दिसू नये म्हणून व्हर्लिन उत्तरेकडून शिरला. कितीतरी वर्षांनी त्यानं शेजघरात पाऊल ठेवलं. ओणवं होऊन आडव्या मेपलखालून सरपटला, उठला आणि बादली वाजवली.

शांतता. दोन माद्या मान वर करून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं पाय आपटला. हे ध्यान आर्लिस नाही अशी शंका तिला आली होती. व्हर्लिनच्या लक्षात आलं की नुसतं जाकीट पुरत नाही, बोलायला हवं. त्यानं घसा साफ केला आणि आवाज जमेल तेवढा बारीक केला. गेलेल्या दातांतून थोडी शीळ वाजली.

"चव्वेचाळीस वर्षं!" तो म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं झाली, पण ओला टॉवेल पलंगावर टाकू नये हे या माणसाच्या टाळक्यात शिरत नाही!"

माद्यांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागल्या. व्हर्लिनला जोर आला. तो बादली वाजवत पुढे निघाला, पण पाठ केलेलं तेवढंच होतं. पुढचं मनानं रचणं भाग होतं. आणि मग असं झालं की रचावं लागलंच नाही.

"बायकोच्या साठाव्या वाढदिवसाला या माणसानं काय आणलं? करवतीची साखळी! वर म्हणाला, दोघांना होईल!" चार पावलं. "बहिणीकडे ओहायोला जायचं होतं बाईला. आठ दिवस. नाही, ओकला फळ धरायचे दिवस आहेत! ओकला फळ धरायला हा काय खाली झोळी पसरून बसणार होता?" चार पावलं. "बाईचं बेकन बंद केलं. विचारलं नाही, फर्मान काढलं. आणि चार वर्षांत, म्हणजे चार वर्षांत एकदाही..." इथं त्याचा बारीक आवाज सुटला आणि स्वतःचा घोगरा आवाज बाहेर आला. "घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून बाई रोज इथं येऊन हरणाशी बोलते."

तो थांबला. 

आणि डाव्या हाताला, आडव्या बासवूडच्या फुटव्यांआड, पंधरा पावलांवर तो उभा होता.

चौदा टोकं चित्रात दिसली त्याहून जाड होती. कानाशी एक जुना चिरा, मानेला नोव्हेंबरातल्या माजाची सूज. व्हर्लिननं बादली सोडली, बंदूक खांद्याला लावली. नर हलला नाही. त्याची नजर बंदुकीवर नव्हतीच. ती खाली पडलेल्या बादलीवर होती. एक पाऊल तो पुढे आला आणि साली कुठेत म्हणून मान लांब करून बघायला लागला.

व्हर्लिनचं बोट घोड्यावर होतं. रान वाचत होतं. डुएनचं तोंड कायमचं बंद होत होतं. बापाच्या शिंगांशेजारची जागा भरत होती. आणि त्याला लाज वाटली, साधी, सरळ लाज. बादली रिकामी असली म्हणून काय झालं, आमिषच होतं ते. बायकोचं जाकीट घालून, तिचीच गाऱ्हाणी तिच्याच आवाजात म्हणून, तिच्या हातचं खाणाऱ्याला मारायचं, ही शिकार नव्हे. ही चोरी झाली.

त्यानं बंदूक खाली केली. मग त्यानं पहिल्यांदा आजूबाजूला नीट बघितलं. आर्लिस म्हणाली ते खरं होतं. आडव्या झाडांना दाट फुटवे आले होते, त्यांच्या आडोशाला हरणांच्या बसायच्या जागा वाट्यांसारख्या खोलगट झाल्या होत्या, दातांनी खुडलेल्या फांद्यांना नवे कोंब होते. सगळं त्यानं वहीत लिहिलं होतं तसं. इथून बाहेर पडायची वाटही त्यानं लिहिली होती तशीच होती: एकच. बाकीच्या त्यानं स्वतः झाडं पाडून बुजवल्या होत्या. घाबरलेला नर इथून उठला की दक्षिणेच्या वाटेनंच जाणार, आणि ती वाट निघते थेट डुएनच्या मचाणाखाली.

व्हर्लिनला घाम फुटला. डुएन नऊ वेळा हुकलाय. पण दहाव्यांदा लागली तर? आंधळ्या कोंबडीलाही दाणा सापडतो. नराकडे बघून तो पुटपुटला, "माफ कर बाबा, पण जोरात पळ." मग तो उत्तरेकडे वळला, वाळक्या बासवूडच्या खोडाच्या मधोमध नेम धरला आणि बार काढला.

फांद्या मोडल्यासारखा आवाज झाला आणि नर दिसेनासा झाला. दक्षिणेच्या वाटेनं. व्हर्लिन जागच्या जागी उभा राहून मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बार! तो डोळे मिटून उभा राहिला. पुन्हा बार! आणि मग डुएनचा आवाज सबंध चाळीस एकरांत घुमला. तो काय बोलला ते चर्चला जाणाऱ्या माणसानं लिहू नये, पण ऐकून व्हर्लिनच्या जिवात जीव आला. लागली असती तर माणूस असा बोलत नाही.

डुएन मचाणाखाली झाडाला धरून उभा होता. चेहरा पांढराफटक. समोरून मेहुणा गुलाबी जाकिटात, बाह्या कोपरापर्यंत, हातात बादली घेऊन झाडीतून बाहेर पडला, आणि डुएन हसला नाही. तेव्हा व्हर्लिनला कळलं की काम झालं.

"पाहिलास?" डुएननं त्याचा दंड धरला. "पाहिलास का तू? माझ्या खालून गेला. थुंकलो असतो तर त्याच्यावर पडलं असतं! चौदा टोकं, नाही, सोळा!"

"पाहिला," व्हर्लिन म्हणाला. "मीच आधी बार काढला." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा: "हुकलो."

"तू?" डुएननं त्याचा दंड सोडला.

"हुकलो, दाजी. वेळ संपली. शिंगं भिंतीवर नाहीत. बोलव तुझे तोडवाले."

"तोडवाले?" डुएन ओरडला. "वेड लागलंय का तुला? तो तिथं राहतो, व्हर्लिन! तिथं आत! एक काडी जरी कुणी हलवली ना... अरे, पुढच्या वर्षी तो कुठं बसेल?"

खोपीत दोघांनी आपापले सदरे वर केले. डुएनचं दहावं शेपूट मार्लीननं कापलं. व्हर्लिनचं कापायला कात्री डुएननं घेतली, पण त्याचाही हात जरा थांबला. चोपन्न वर्षांत कधी न कापलेलं चौकडीचं कापड कात्रीनं करकर कापलं गेलं. व्हर्लिन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं ते. नाव आणि साल लिहून त्यानं स्वतःच खिळा ठोकला. मग पत्ते वाटले गेले, दोन डाव झाले, आणि तिसऱ्या डावात डुएननं अचानक पत्ते खाली ठेवले.

"थांब. ते गुलाबी काय होतं?"

आणि मग तो जो हसत सुटला, तो खुर्चीवरून खाली येईपर्यंत.

सोमवारी सकाळी शेजघराच्या कडेला पाटी लागली होती, डुएनच्या ठळक सरळ अक्षरात: 'आत जाऊ नये. व्हर्लिन, तूसुद्धा.' निळे पट्टे त्यानं रातोरात खरवडून काढले होते. आठाच्या सुमाराला मार्लीनचा फोन आला. "तुम्ही माझ्या नवऱ्याला काय केलंत? सोड्यानं दात घासतोय. फ्रीजमधलं बेकन कुत्र्याला घातलं!"

व्हर्लिन स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसला होता. ओला टॉवेल त्यानं दोरीवर टाकला होता. आर्लिसला तो दिसला असावा. पाटीच्या दुसऱ्या अंगानं शेजघरात जाऊन ती नुकतीच परतली होती. रिकामी बादली दाराशी ठेवून तिनं जाकीट खिळ्याला अडकवलं आणि उसवलेली बाही जरा निरखून बघितली.

"ठीक आहे तो," ती म्हणाली. "साली खाल्ल्या. जरा बिचकलाय एवढंच."

"बरं झालं."

"उत्तरेच्या बासवूडच्या खोडाला नवं भोक पडलंय. बरोबर मधोमध."

"सुतार पक्षी असेल," व्हर्लिन कपात बघत म्हणाला.

"असेल. पण हरणाकडे पाठ करून टोच मारली त्यानं." तिनं तवा काढला, चुलीवर ठेवला आणि फ्रीजमधून पुडा काढला. बेकन चरचरायला लागलं, घरभर वास पसरला, पडद्यांत बसला, कपड्यांत बसला. तिनं पहिले चार काप व्हर्लिनच्या ताटलीत वाढले आणि हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला.

"आर्लिस," तो म्हणाला, "ओहायोला कधी जायचं?"

आर्लिसनं नाक ओढलं. मग ती तव्याकडे वळली.

"पंचाईत केलीस माझी," ती म्हणाली. "आता मी तिथं जाऊन कुणाची गाऱ्हाणी सांगू?"